आधी पाणी, मग जंतू

निरोगी माणसाच्या लहान आतड्यात दिवसभरात सुमारे ८ ते ९ लिटर द्रव येतो. त्यातला आपण प्यालेला जेमतेम २ लिटर. बाकीचा सगळा शरीराने स्वतः ओतलेला असतो: लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि खुद्द आतड्याच्या भिंतीतून पाझरणारा रस. यातले जवळजवळ सगळे पाणी आतडे परत रक्तात घेते आणि शौचावाटे बाहेर पडते ते १००-२०० मिलिलिटर. ही देवाणघेवाण आपल्या ध्यानीमनीही नसते. मात्र आत पाझरणारे पाणी वाढले किंवा परत घेणे मंदावले, की काही तासांत धडधाकट माणूस कोसळतो. पटकीच्या तीव्र रुग्णाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. सकाळी शेतावर गेलेला माणूस संध्याकाळी डोळे खोल गेलेला, आवाज बसलेला, मनगटावर नाडी लागत नाही अशा अवस्थेत दवाखान्यात आणला जातो.

जीवाणूंमुळे होणारे आतड्याचे आजार हा या पुस्तकाचा विषय. तरी पहिले प्रकरण जीवाणूंवर नाही, पाण्यावर आहे. जुलाबाचा रुग्ण समोर आला की पहिल्या काही तासांत त्याचा जीव वाचवतात ते पाणी आणि क्षार. जंतूचे नाव कळणे ही त्यानंतरची गोष्ट. आणि ते नाव कळल्यामुळे ज्यांचे उपचार बदलतात असे रुग्ण एकूणात थोडे असतात. ते थोडे कोण, हे वेळेत ओळखता येणे हीच या क्षेत्रातली कसोटी आहे असे मी मानतो. आपल्याकडे प्रत्यक्षात घडते ते वेगळे. दोन जुलाब झाले की औषधाच्या दुकानातून ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल एकत्र असलेली गोळी आणली जाते, अशक्तपणा वाटला की सलाइन लावायचा आग्रह धरला जातो आणि ओआरएसचे पाकीट मात्र कपाटात राहते. पुस्तक लिहावेसे वाटले ते हे रोज पाहून.

पटकीचे कोडे सुटले ते बऱ्याच अंशी बंगालमध्ये. जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचा आणि साथीचा संबंध दाखवला. त्याच वर्षी फ्लॉरेन्समध्ये फिलिप्पो पाचीनी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू पाहिला, पण त्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. रॉबर्ट कॉख १८८३ च्या अखेरीस कोलकात्यात आले आणि पुढच्या वर्षी त्यांनी रुग्णांच्या विष्ठेत आणि तिथल्या एका तळ्याच्या पाण्यात हाच जंतू असल्याचे सिद्ध केले. तो एखादे विष सोडत असावा, असा कयासही त्यांनी मांडला होता. मात्र ते विष सापडायला पाऊणशे वर्षे गेली. संशोधक प्राण्यांच्या रक्तात जंतू टोचत राहिले आणि प्राण्यांना पटकी होईना.

कोलकात्यातले विकृतिशास्त्रज्ञ शंभुनाथ डे यांनी प्रश्न आतड्यातच विचारला. सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधून त्यात त्यांनी पटकीचे जंतू सोडले. दुसऱ्या दिवशी तो तुकडा पाण्याने टम्म फुगलेला होता. मग जंतू गाळून काढून टाकले आणि नुसता गाळलेला द्रव सोडला. तरीही आतडे फुगले. १९५९ मध्ये ‘नेचर’मध्ये हा शोध आला. जंतू आतड्याच्या भिंतीत शिरत नाही, पेशी मारत नाही, तो एक विष सोडतो आणि ते विष जिवंत, धडधाकट पेशींना पाणी बाहेर टाकायला लावते, ही समज तेव्हापासूनची. साध्या साधनांनी केलेला इतका मोलाचा प्रयोग आपल्या देशात झाला आणि डे यांना हयातीत इथे म्हणावा तसा मान मिळाला नाही, याचे वाईट वाटते. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव नोबेलसाठी सुचवले होते. १९८५ मध्ये डे गेले.

पेशी जिवंत असतात, ही बाब उपचारासाठी निर्णायक ठरली. १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी प्राग इथल्या एका परिषदेत मांडले होते की आतड्याच्या पेशीत ग्लुकोज आणि सोडियम एकाच दाराने, जोडीने आत जातात. त्यांच्यामागून पाणी जाते. पटकीचे विष क्लोराइड बाहेर टाकण्याचा मार्ग सताड उघडा ठेवते, पण या दाराला हात लावत नाही. म्हणजे जुलाब चालू असतानाही, योग्य प्रमाणात मीठ आणि ग्लुकोज दिले तर आतडे पाणी घेऊ शकते. कोलकात्याचे हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ मध्येच पटकीच्या १८६ रुग्णांना तोंडावाटे मीठ-ग्लुकोजचे पाणी दिल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले होते. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नालिन आणि रिचर्ड कॅश यांनी ते काटेकोर मोजमापाने दाखवून दिले. तरीही मोठमोठे डॉक्टर शिरेतून दिलेल्या सलाइनवरच विसंबून होते. तोंडाने पाणी पाजणे हा घरगुती, दुय्यम उपाय, असेच त्यांना वाटे.

१९७१ मध्ये बांगलादेश युद्धातून पळालेले लाखो निर्वासित पश्चिम बंगालच्या सीमेवर आले आणि छावण्यांत पटकी पसरली. बोनगावच्या रुग्णालयात दोन खोल्या, थोड्या खाटा. जमिनीवर पडलेल्या रुग्णांमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी तेव्हा जो निर्णय घेतला त्याला वैद्यकीय धाडस लागते. मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरायचा, गरम इस्त्रीने पिशवी बंद करायची, पिंपात पाणी घालून द्रावण करायचे आणि ते नातेवाइकांच्या हाती द्यायचे: आई, बाप, भाऊ, जो कोणी सोबत असेल त्याने पाजत राहायचे. एक लिटर द्रावणाच्या साहित्याला ११ पैसे लागत. छावण्यांत ३० टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत ३.६ टक्क्यांवर आले. हा अनुभव १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे बांगलादेशात ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी दारोदार जाऊन एक कोटीहून अधिक घरांतल्या बायकांना चिमूटभर मीठ आणि मूठभर गुळाचे पाणी करायला शिकवले. महालनोबिस २०२२ मध्ये वारले. मरणोत्तर पद्मविभूषण २०२३ मध्ये जाहीर झाला.

या उपचाराचा बारकावा प्रमाणात आहे, म्हणून पुस्तकात त्यावर पानेच्या पाने खर्च केली आहेत. २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएस सूत्रानुसार एक लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असते. पाकीट एक लिटरचे असेल तर ते एक लिटरमध्येच, एका वेळी, पूर्ण कालवायचे. वाटीत चमचाभर पावडर टाकून पाजले की प्रमाण बिघडते. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. साखर जास्त झाली तर ती उलट आतड्यात पाणी खेचते आणि जुलाब वाढतात. म्हणूनच डब्यातली गोड पेये ओआरएसच्या नावाने विकली जाणे हा किरकोळ मामला नव्हता. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पेयांच्या नावात ही अक्षरे वापरायला मनाई केली, ते योग्यच झाले. दुकानदाराला पाकीट मागताना पाठीमागचे सूत्र वाचावे, एवढे मी प्रत्येक पालकाला सांगतो.

बाळाला उलट्या होताहेत म्हणून पाणी बंद करणे ही आपल्या घरांतली फार जुनी चूक. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबायचे आणि मग एकेक चमचा, दोन-दोन मिनिटांनी. अंगावरचे दूध चालूच ठेवायचे. पेज, मऊ वरण-भात, केळे, ताक यांनी जुलाब वाढत नाहीत. उपाशी ठेवल्याने मात्र आधीच किडकिडीत असलेले मूल आणखी खालावते आणि पुढच्या जुलाबाला सहज बळी पडते. सोबत झिंक: सहा महिन्यांपुढच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस. जुलाब थांबले तरी गोळ्या पुऱ्या करायच्या, कारण पुढच्या काही महिन्यांतले जुलाबही त्याने कमी होतात. जगात पाच वर्षांखालची सुमारे साडेचार लाख मुले दर वर्षी अतिसाराने दगावतात. त्यातली बहुसंख्य वाचवायला मोठे रुग्णालय लागत नाही.

सलाइन कधी लागते तेही स्पष्ट सांगायला हवे. मूल मलूल, हाक मारली तर डोळे न उघडणारे. पिऊ न शकणारे. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर दोन सेकंदांनंतरही वळकटी राहणारी. अशा वेळी तोंडाने पाजत वेळ घालवायचा नाही, शिरेतून रिंगर लॅक्टेट भराभर द्यायचे आणि ते देता येईल अशा ठिकाणी तातडीने पोचायचे. मोठ्या माणसाच्या बाबतीत लघवी सहा-आठ तास झालेली नाही, उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते, पायात गोळे येताहेत, ही लक्षणे तितकीच गंभीर समजावीत.

इथवर पटकीची आणि तिच्यासारख्या, विष सोडून पाणी वाहवणाऱ्या जंतूंची गोष्ट झाली. प्रवासात लागणाऱ्या जुलाबांचा मोठा वाटा ज्या ई. कोलाय प्रकाराकडे असतो, त्याचीही रीत हीच. पण सगळे जीवाणू असे वागत नाहीत.

शिगेला आतड्याच्या भिंतीत घुसतो. कियोशी शिगा यांनी १८९७ मध्ये जपानमधल्या साथीत तो शोधला. पटकी व्हायला सहसा लाखो जंतू पोटात जावे लागतात, कारण जठरातले आम्ल बहुतेकांना मारते. शिगेलाचे १० ते १०० जंतूही पुरतात. त्यामुळे तो पाण्यापेक्षा हातांवरून जास्त पसरतो. वसतिगृहे, आश्रमशाळा, पाळणाघरे ही त्याची ठिकाणे. मोठ्या आतड्याला सूज येते, ताप चढतो, पोटात मुरडा येऊन थोडी थोडी, रक्त आणि शेंब मिसळलेली शौचाला होते. रक्ती आव म्हणतात ती हीच. इथे अँटिबायोटिक हवेच, आणि कोणते ते त्या भागातल्या प्रतिकाराप्रमाणे ठरवावे लागते. नॅलिडिक्सिक अॅसिड गेले, सिप्रोफ्लॉक्सासिनही आपल्याकडे अनेकदा लागू पडत नाही. आज भिस्त अझिथ्रोमायसिन आणि सेफ्ट्रिअॅक्सोनवर आहे. जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी रक्त पडत असताना घेऊ नये आणि लहान मुलांना तर देऊच नये.

रक्त पडते म्हणजे अँटिबायोटिक, असा सरसकट नियम करण्यातही धोका आहे. शिगेलाच्या विषासारखे विष सोडणारे काही ई. कोलाय असतात; त्यांच्या संसर्गात अँटिबायोटिक दिल्यास मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका वाढू शकतो. २०११ मध्ये जर्मनीत अशी साथ आली, सुमारे चार हजार माणसे आजारी पडली आणि पन्नासहून अधिक दगावली. आधी संशय स्पेनच्या काकड्यांवर गेला आणि तिथले शेतकरी हकनाक भरडले गेले. माग काढत तपास पोचला तो इजिप्तहून आलेल्या मेथीच्या दाण्यांपर्यंत. मोड आणलेली मेथी लोकांनी कच्ची खाल्ली होती. मोड यायला लागणारी ऊब आणि ओल जीवाणूंनाही मानवते. कच्चे कडधान्य खाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आपली शिजवलेली उसळ त्या मानाने सुरक्षित.

टायफॉइडवर पुस्तकातले सर्वांत मोठे प्रकरण आहे, आणि माझ्या मते सर्वांत निकडीचे. मुदतीचा ताप म्हणून आपल्या आज्यांना ठाऊक असलेला हा आजार आतड्यातून शिरतो खरा, पण जुलाब हे त्याचे मुख्य लक्षण नाही. कित्येकांना उलट बद्धकोष्ठ असते. जंतू लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या लसिका ग्रंथींतून रक्तात, तिथून यकृत, प्लीहा, अस्थिमज्जेत जातो. पोटात गेल्यापासून ताप यायला एक ते तीन आठवडे लागतात, त्यामुळे काल खाल्लेल्या भेळेला दोष देऊन उपयोग नसतो. ताप पायरीपायरीने चढतो. दुर्लक्ष झाले तर तिसऱ्या आठवड्यात त्याच ग्रंथींच्या जागी आतड्यातून रक्तस्राव होतो किंवा आतडे फुटते, आणि मग शस्त्रक्रियेवाचून मार्ग राहत नाही.

निदान इथे सर्वांत जास्त चुकते. विडाल चाचणी १८९६ ची. ती जंतू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे मोजते. जिथे टायफॉइड सतत असतो तिथल्या निरोगी माणसातही ती थोडीफार असतात. जुन्या संसर्गाने, लसीने, कधी दुसऱ्याच तापाने वाढतात. आणि आजाराच्या पहिल्या आठवड्यात, जेव्हा निदान हवे असते, तेव्हा ती बऱ्याचदा वाढलेलीच नसतात. एका नमुन्यावरचा विडालचा आकडा फारसा विश्वासार्ह नाही. तरी पावसाळ्यात ‘डेंग्यू आणि टायफॉइड दोन्ही निघाले’ असे रिपोर्ट हातात घेऊन रुग्ण येतात आणि दोन्हींची औषधे चालू असतात. खरे निदान रक्ताच्या कल्चरने होते. तेही चाळीस ते साठ टक्के रुग्णांतच जंतू दाखवते. पण जेव्हा दाखवते तेव्हा कोणते औषध चालेल तेही सांगते. त्यासाठी रक्त अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी आणि पुरेसे घ्यावे लागते. ‘तीन दिवस गोळ्या घेऊन पाहू, मग तपासू’ या सवयीने नेमकी ही संधी जाते.

औषधांचा इतिहास पाहिला की काळजी वाटते. १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल आले आणि टायफॉइडचे मृत्यू झपाट्याने घटले. १९७२ मध्ये केरळात कोळिकोडला आणि त्याच वर्षी मेक्सिकोत त्या औषधाला न जुमानणारा टायफॉइड पसरला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन, कोट्रायमोक्साझोल तिन्ही एकदम निकामी ठरवणारे जंतू आले. मग सिप्रोफ्लॉक्सासिनची काही वर्षे. तेही बोथट झाले. २०१६ मध्ये सिंधमधल्या हैदराबादेत सेफ्ट्रिअॅक्सोनलाही दाद न देणारी साथ सुरू झाली आणि तोंडावाटे घेण्याजोग्या औषधांपैकी तिथे अझिथ्रोमायसिन तेवढे उरले. विषाणूच्या जुलाबाला, जिथे त्याचा काडीचा उपयोग नसतो, आपण जे अझिथ्रोमायसिन देतो ते याच साठ्यातून खर्च होते.

एक गोष्ट घरच्यांना आधीच सांगून ठेवावी लागते: योग्य औषध चालू केल्यावरही टायफॉइडचा ताप उतरायला चार-पाच दिवस, कधी आठवडा लागतो. तिसऱ्या दिवशी ताप आहे म्हणून डॉक्टर बदलला की औषधही बदलते आणि कोणताच कोर्स पुरा होत नाही.

दिलासा देणारी गोष्ट लसीची आहे. भारतात बनलेली टायफॉइडची कंजुगेट लस नऊ महिन्यांच्या बाळालाही देता येते. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने मोहीम काढून एक लाखाहून अधिक मुलांना ती दिली. सार्वजनिक यंत्रणेमार्फत ही लस देण्याची जगातली ती पहिली वेळ. पुढच्याच वर्षी पाकिस्तानने तिचा राष्ट्रीय कार्यक्रमात समावेश केला. आपल्याकडे ती अजून बव्हंशी खासगी दवाखान्यात पैसे देऊनच मिळते. शहरांतल्या दाट वस्त्यांमध्ये ती मोफत मिळायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात हातापायांतली ताकद जाऊ लागलेली माणसे रुग्णालयांत येऊ लागली. गियाँ-बारे सिंड्रोमची ही साथ दोनशेहून अधिक जणांना भोवली, काही दगावले, कित्येकांना श्वासासाठी यंत्र लागले. बऱ्याच जणांना आधी जुलाब झाले होते. तपासलेल्या विष्ठेच्या नमुन्यांपैकी काहींत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय सापडला, काहींत नोरोव्हायरस. कॅम्पिलोबॅक्टरच्या बाह्य आवरणातला एक घटक आपल्या मज्जातंतूंवरच्या घटकाशी मिळताजुळता असतो. जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे मज्जातंतूंवरच तुटून पडतात. हे विरळा घडते, साधारण हजार संसर्गांत एकदा. पण एकाच पाण्यावरचे खूप लोक एकदम आजारी पडले की विरळा गोष्टही वस्तीत दिसू लागते. त्या दिवसांपर्यंत कॅम्पिलोबॅक्टरचे नाव माझ्या ओळखीतल्या अनेक सुशिक्षित पुणेकरांनी ऐकलेलेही नव्हते. खरे तर कोंबडीचे कच्चे मांस, न उकळलेले दूध, दूषित पाणी यांतून येणारा हा जगभरातला नेहमीचा जीवाणू आहे. आपल्या प्रयोगशाळांत तो दिसत नाही, कारण त्याला कमी ऑक्सिजन आणि ४२ अंश सेल्सियस तापमान लागते. नेहमीच्या कल्चरमध्ये तो वाढतच नाही.

तपासणीच्या प्रकरणातला मुख्य मुद्दा यातून निघतो. प्रयोगशाळा विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते, आणि प्रश्न रुग्णाशी बोलून तयार होतो. लग्नात जेवल्यावर चार तासांत पंगतीतल्या वीस जणांना उलट्या सुरू झाल्या, तर बासुंदीत किंवा भातात आधीच तयार झालेले स्टॅफिलोकॉकसचे वा बॅसिलस सेरियसचे विष असण्याची शक्यता मोठी. ते पुन्हा तापवून जात नाही, आणि जंतूवरची औषधे इथे निरुपयोगी. ताप आणि रक्त असेल तर विष्ठेचे कल्चर करावे. तांदळाच्या धुवणासारखे भरमसाट जुलाब होत असतील, विशेषतः मोठ्या माणसाला, तर पटकीचा संशय घेऊन नमुना कॅरी-ब्लेअर माध्यमातून पाठवावा आणि आरोग्य खात्याला त्याच दिवशी कळवावे. बाकी दोन-तीन दिवसांच्या पातळ जुलाबाला कोणतीच तपासणी लागत नाही. मोठ्या शहरांत आता एकाच नमुन्यातून वीसेक जंतूंची जनुके शोधणारे पीसीआर पॅनेल मिळते. ते उपयोगी आहे, पण मेलेल्या जंतूंची वा नुसत्याच वस्तीला असलेल्या जंतूंची जनुकेही ते दाखवते. रिपोर्टात आले ते सगळे आजाराचे कारण, असे नसते. साध्या तपासणीत ‘अमीबाच्या सिस्ट’ दिसल्या की वर्षानुवर्षे मेट्रोनिडाझोल घेणाऱ्यांचेही तसेच. अमीबा जीवाणू नव्हे, आणि हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा एक निरुपद्रवी भाऊबंदही आहे.

औषधांनीच ओढवणाऱ्या आजारांसाठी एक छोटे प्रकरण आहे. अँटिबायोटिकमुळे आतड्यातले नेहमीचे जंतू मेले की क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिलला मोकळे रान मिळते. रुग्णालयातल्या वृद्धांत हे जुलाब जीवघेणे ठरतात. रोज सकाळी सवयीने पॅन्टोप्राझोल घेणाऱ्यांच्या जठरातले आम्ल कमी होते आणि साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर यांना आत शिरणे सोपे जाते. ती गोळी खरोखर हवी आहे का, हे डॉक्टरांना वर्षातून एकदा तरी विचारावे.

क्षयाचा समावेश अशा पुस्तकात का, असे काहींनी हस्तलिखित वाचून विचारले. कारण आपल्याकडे आतड्याचा क्षय दुर्मिळ नाही. महिनोन्‌महिने बारीक ताप, वजन घटणे, जेवणानंतर कळ येऊन ‘पोटात गोळा फिरतो’ ही तक्रार, मग तो गुडगुडत सुटला की आराम. जिथे लहान आतडे मोठ्याला मिळते तिथे जागा अरुंद झालेली असते. असे रुग्ण जुलाबाच्या, अॅसिडिटीच्या गोळ्या घेत वर्ष काढतात. दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्याची तपासणी, क्रोन्स या वेगळ्या आजारापासून फरक करणे आणि सहा महिन्यांचे पुरे उपचार, हे सविस्तर दिले आहे.

राहता राहिले पाणी, जिथून बहुतेक सगळे सुरू होते. पंढरीच्या वारीबरोबर पटकी गावोगाव जाई, मरीआईचा गाडा शिवेबाहेर ढकलला जाई, तो काळ आपल्या पणज्यांनी पाहिला. आज दिंडीच्या वाटेवरच्या विहिरींत आधीच क्लोरीनची टीसीएल पावडर पडते, हा मोठा बदल आहे. पण रोजचे पाणी अजून बेभरवशाचे आहे. नळ दिवसातून तासभर येतो. उरलेला वेळ जलवाहिनी रिकामी असते आणि तिच्या प्रत्येक भेगेतून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. म्हणून पहिल्या पावसानंतर गॅस्ट्रोच्या साथी येतात. टीसीएलचे पोते उघडे राहिले की क्लोरीन उडून जातो आणि मोजून टाकलेली पावडर नुसती पांढरी माती उरते. शेवटच्या घरच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने रोज ओटी टेस्ट करायची ती यासाठी. ती टेस्ट टाकीपाशी केली जाते आणि वहीत ‘आहे’ लिहिले जाते. ती गल्लीच्या टोकाला करायला हवी. पाण्याच्या पाहणीत गावाला हिरवे, पिवळे की लाल कार्ड मिळाले आहे हे ग्रामसभेत विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

पुस्तकाची पहिली चार प्रकरणे कोणीही वाचावीत. घरात लहान मूल असेल त्यांनी तिसऱ्यापासून सुरुवात केली तरी चालेल. पुढची प्रकरणे जनरल प्रॅक्टिस करणारे डॉक्टर, परिचारिका आणि वैद्यकाचे विद्यार्थी यांना समोर ठेवून लिहिली आहेत. शेवटचे प्रकरण आशाताई आणि जलसुरक्षकांसाठी आहे. रोटाव्हायरस, नोरोव्हायरस आणि जठरातला हेलिकोबॅक्टर यांचा उल्लेख तुलनेपुरता येतो. अँटिबायोटिकचे तक्ते मुद्दाम वेगळ्या पुरवणीत दिले आहेत, कारण ते दर दोन-तीन वर्षांनी बदलावे लागतील. ओआरएस करण्याची कृती मात्र मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला छापली आहे.